काटा आणि कान

व्यापाऱ्याच्या घरात काट्याला मान असतो. सकाळी दुकान उघडले की गल्ल्याच्या आधी काटा पुसला जातो. वैधमापन खात्याचा शिक्का मुदतीत मारून घेतला जातो आणि पुढच्या तपासणीची तारीख भिंतीवरच्या दिनदर्शिकेत लाल शाईने लिहिली जाते. नफा कमीजास्त झाला तर चालतो, पण मापात पाप नको, ही शिकवण मुलांना पाढ्यांच्या आधी मिळते. सांगलीच्या बाजारात हळद, मिरची आणि कांदा-लसूण मसाल्याचे दुकान चालवणाऱ्या अण्णांनी हा नेम चाळीस वर्षे पाळला. त्यांच्या हातून एक तपासणी मात्र राहून गेली होती. ती लक्षात आली सांगलीपासून दूर, बेलपाड्यात, आणि तीही घरी बनवलेल्या स्पीकरच्या निमित्ताने.

दुकान पुतण्याच्या हाती सोपवून अण्णा आणि त्यांच्या पत्नी मुलाकडे राहायला आले, तेव्हा अण्णांनी सदुसष्टी गाठली होती. बेलपाडा म्हणजे खारघरच्या कुशीतले जुने गाव. आता ते पनवेल महानगरपालिकेत मोडते. १७ नोव्हेंबर २०२३ रोजी नवी मुंबईची मेट्रो सुरू झाली आणि बेलपाड्याचे नाव एका स्थानकाच्या पाटीवर झळकले. पावसाळ्यात समोरचा डोंगर हिरवा होतो. सगळे सुखाचे होते. पण पहाटे पाचला उठून दुकान गाठण्याची सवय असलेल्या माणसाला सुखही खायला उठते. सून सकाळी कामावर जाई, नात अकरावीच्या वर्गाला जाई, आणि अण्णा खिडकीत बसून मेट्रोच्या फेऱ्या मोजीत.

तरुणपणी त्यांनी रेडिओ जोडले होते. ती हौस दुकानाच्या व्यापात मागे पडली होती. घरात एक जुना अ‍ॅम्प्लिफायर आणि कापड फाटलेल्या स्पीकरची जोडी पडून होती. अण्णांनी ठरवले, स्पीकर स्वतः बनवायचे, आणि बनवायचेच तर नीट बनवायचे.

येथे स्पीकरच्या पेटीत काय घडते ते थोडक्यात सांगायला हवे. माणसाचा कान साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू शकतो. तबल्याच्या डग्ग्याची घुमार खालच्या टोकाला, घुंगरांची किणकिण वरच्या टोकाला. एकच पडदा ही दोन्ही टोके नीट वाजवू शकत नाही. म्हणून पेटीत किमान दोन स्पीकर असतात. मोठा तो वूफर, त्याच्याकडे खालचे आणि मधले स्वर. लहान तो ट्विटर, त्याच्याकडे वरचे स्वर. कोणाला काय द्यायचे याची वाटणी करणाऱ्या मंडलाला क्रॉसओव्हर म्हणतात.

ही वाटणी दोन ठिकाणी करता येते. बाजारातील बहुतेक पेट्यांमध्ये ती अ‍ॅम्प्लिफायरच्या नंतर होते. पूर्ण शक्तीचा विद्युतप्रवाह पेटीत येतो आणि तेथे तारेची वेटोळी व कपॅसिटर त्याची विभागणी करतात. वखारीतला सगळा माल एकाच गाडीत भरावा आणि गिऱ्हाईकाच्या दारात निवडत बसावे, तसा हा प्रकार. शक्ती मोठी, म्हणून हे भाग जाड आणि महाग लागतात. त्यातली काही शक्ती तारांतच उष्णता होऊन जाते. शिवाय स्पीकरवर ८ ओहम असे छापलेले असले तरी तो आकडा स्थिर नसतो. स्वर बदलला की तो बदलतो, आणि वूफरच्या स्वाभाविक कंपनाजवळ कित्येक पटींनी वाढतो. गिऱ्हाईक दर घटकेला मत बदलणारे असेल तर दारातली निवड कशी बिनचूक व्हावी?

दुसरी रीत अशी की वाटणी वखारीतच करायची. संकेत अजून दुबळा, एखाद्या व्होल्टचा असतानाच त्याचे दोन भाग पाडायचे आणि मग प्रत्येक भागाला स्वतंत्र अ‍ॅम्प्लिफायर द्यायचा. याला अ‍ॅक्टिव्ह क्रॉसओव्हर म्हणतात. खर्चाची बाजू उघड आहे. डाव्या-उजव्या पेट्या मिळून दोनऐवजी चार अ‍ॅम्प्लिफायर लागतात. पण विभागणी बिनचूक होते, ट्विटर आणि वूफरची पातळी वेगवेगळी ठरवता येते आणि एकाची ओढाताण दुसऱ्याला बाधत नाही. अण्णांना ही रीत पटली. आधी निवड, मग भरणी, हा तर त्यांच्या धंद्याचाच नियम होता.

या विद्येची परंपरा मोठी आहे. स्टीफन बटरवर्थ या इंग्रज शास्त्रज्ञाने १९३० मध्ये सपाट प्रतिसादाच्या गाळणीचे गणित मांडले. १९५५ मध्ये सॅलन आणि की या दोघा अभियंत्यांनी वेटोळ्यांशिवाय, केवळ रेझिस्टर, कपॅसिटर आणि एक प्रवर्धक वापरून अशी गाळणी करण्याची सोपी रचना प्रसिद्ध केली. पुढे १९७६ मध्ये ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीतील झीगफ्रीड लिंकविट्झ यांनी सहकारी रस रायली यांच्या साथीने बटरवर्थच्या दोन गाळण्या एकापुढे एक जोडण्याची पद्धत दाखवली. आज घरी स्पीकर बनवणारे पुष्कळ लोक तीच वापरतात.

तिच्यातील हिशेब एखाद्या खतावणीसारखा जुळतो. संधिस्थान २००० हर्ट्झ धरले, तर त्या स्वरावर वूफरला संकेताचा अर्धा भाग आणि ट्विटरला अर्धा भाग मिळतो. एक सप्तक वर, म्हणजे ४००० हर्ट्झला, वूफरकडे सतरावा हिस्सा राहतो आणि उरलेले सोळा हिस्से ट्विटरकडे जातात. एक सप्तक खाली, १००० हर्ट्झला, नेमके याच्या उलट. कोणत्याही स्वरावर दोघांची बेरीज करा, ती पूर्ण एक येते. दोघे एकाच तालात हलत असल्याने कोठे तूट नाही, कोठे फुगवटा नाही. अण्णांनी हे कागदावर चार वेळा मांडून पाहिले आणि चारही वेळा बेरीज जुळली, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर दिवाळीचा ताळेबंद जुळल्याचे समाधान होते.

सामानासाठी ते मुंबईला गेले. मेट्रोने बेलापूर, तेथून लोकलने कुर्ला, मग दादर, मग ग्रँट रोड. स्थानकाजवळचा डॉ. भडकमकर मार्ग लोकांच्या तोंडी अजून लॅमिंग्टन रोडच आहे. इलेक्ट्रॉनिक सुट्या भागांची ही जुनी पेठ. अण्णांनी यादी अगदी बेताची केली होती. १० नॅनोफॅरडचा कपॅसिटर, ज्यावर १०३ असा आकडा असतो, आणि ५.६ किलोओहमचा रेझिस्टर, ज्यावर हिरवा, निळा, काळा, तपकिरी, तपकिरी असे पट्टे असतात. एवढ्या दोनच जिनसांत सगळी गाळणी उभी राहते. दुप्पट किमतीचा कपॅसिटर हवा तेथे दोन कपॅसिटर समांतर जोडायचे, दुप्पट किमतीचा रेझिस्टर हवा तेथे दोन एकापुढे एक जोडायचे. संधिस्थान येते सुमारे २०१० हर्ट्झ. दोन्ही पेट्यांसाठी वीस कपॅसिटर, वीस रेझिस्टर आणि टीएल ०७२ या दुहेरी प्रवर्धकाच्या पाच चकत्या, बस्स.

अण्णांनी मात्र कपॅसिटर पन्नास घेतले. त्यांच्या मूल्यात शेकडा पाचचा फरक चालतो असे दुकानदाराने सांगितले होते, आणि हळकुंडे निवडण्यात हयात घालवलेल्या माणसाला शेकडा पाच ही फार मोठी सूट वाटली. घरी येऊन त्यांनी प्रत्येक कपॅसिटर मीटरवर मोजला, पुड्या बांधल्या, पुड्यांवर आकडे लिहिले. जेवणाच्या टेबलावर आठवडाभर तेच पसरले होते. त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "दुकान बंद केलं म्हणता, आणि इथं नवीन मांडलंत!"

झिरो पीसीबीवर डाख देऊन मंडल तयार झाले. सुताराकडून प्लायवुडच्या पेट्या करून आणल्या. पहिल्याच दिवशी एक ट्विटर जळाला. वूफरची वायर ट्विटरच्या अ‍ॅम्प्लिफायरला आणि त्याची याला, अशी अदलाबदल झाली होती. रेशमी पडद्याच्या त्या नाजूक ट्विटरवर डग्ग्याची सगळी घुमार जाऊन पडली. क्षणभर फटफट आवाज झाला आणि मग शांतता. या पद्धतीत ट्विटर थेट अ‍ॅम्प्लिफायरला जोडलेला असतो, त्यामुळे वीज चालू-बंद होतानाचा धक्काही त्याच्यावर येतो. नवा ट्विटर आणल्यावर अण्णांनी वायरींना लाल आणि पिवळ्या चिठ्ठ्या बांधल्या आणि ट्विटरच्या वाटेवर ४७ मायक्रोफॅरडचा एक कपॅसिटर रखवालदार म्हणून बसवला.

एका रविवारी घरातल्या सर्वांना बसवून पहिली बैठक झाली. वूफरपेक्षा ट्विटर साधारणपणे कमी शक्तीत मोठा वाजतो, म्हणून त्याची पातळी खाली ठेवावी लागते. त्यासाठी एक पॉट, म्हणजे फिरवण्याची कळ, ठेवलेली होती. अण्णांनी ती कळ कानाने लावली होती. थोडी वर, आणखी थोडी वर, तानपुऱ्याची जवार आणि शब्दांची धार स्पष्ट होईपर्यंत. भीमसेन जोशींची ध्वनिमुद्रिका लागली. अण्णा डोळे मिटून बसले. त्यांनी डोळे उघडले तेव्हा खोलीत फक्त नात उरली होती, आणि तिने कानांवर हात ठेवले होते.

"आजोबा, चावतंय हो ते. सुया टोचल्यासारखं वाटतं."

अण्णांना राग आला. तीन महिन्यांच्या कष्टांवर कोणी एका वाक्यात शेरा मारावा! ते म्हणाले, "तुम्हा मुलांना मोबाइलचा फुसका आवाज ऐकायची सवय. खरा आवाज कसा असतो, माहीत आहे का?"

नातीने वाद घातला नाही. ती विज्ञानाची विद्यार्थिनी. तिने मैत्रिणीच्या भावाकडून मोजमापाचा मायक्रोफोन आणला, तो एक मीटर अंतरावर उभा केला आणि लॅपटॉपवर रूम इक्यू विझार्ड हे मोफत मिळणारे साधन चालवले. खालून वर जाणारा एक सूर वाजला आणि पडद्यावर रेघ उमटली. २००० हर्ट्झपर्यंत रेघ बरीचशी सपाट होती. तेथून पुढे ती डोंगरासारखी चढली होती. ३००० ते ८००० हर्ट्झच्या पट्ट्यात ८ डेसिबलचा फुगवटा, म्हणजे व्होल्टेजच्या हिशेबात जवळजवळ अडीच पट.

"मायक्रोफोन बिघडला असेल," अण्णा म्हणाले.

"मग दुसरा काटा लावू," नात म्हणाली. तिने मोबाइलवर ८००० हर्ट्झचा सूर लावला आणि विचारले, "आजोबा, हे ऐकू येतंय?"

"काय? लावलास का?"

नातीने आवाज वाढवला. आतल्या खोलीतून तिची आजी ओरडली, "अगं, बंद कर ते शिटी वाजवणं!" अण्णांना काहीच ऐकू आले नव्हते. नातीने मोबाइल खाली ठेवला. ती काही बोलली नाही, आणि अण्णांनीही विचारले नाही.

बँकेत एक साधा नियम असतो. व्हाउचर लिहिणारा एक, आणि तपासून सही करणारा दुसरा. लिहिणारा कितीही प्रामाणिक असो, त्याने आपलीच नोंद आपण तपासायची नसते. हा अविश्वास नव्हे. स्वतःची चूक स्वतःच्या डोळ्यांना दिसत नाही, एवढेच त्यामागचे शहाणपण. स्पीकर बनवणारेही अण्णा आणि तो तपासणारा कानही अण्णांचाच. दुसरी सही त्या रविवारी नातीची झाली.

आठवडाभराने अण्णा वाशीतील एका श्रवणतज्ज्ञ बाईंकडे गेले. आवाज न येणाऱ्या लहानशा खोलीत त्यांना बसवले, कानांवर हेडफोन घातले आणि हातात बटण दिले. २५० हर्ट्झपासून ८००० हर्ट्झपर्यंत एकेक सूर, मोठ्यापासून बारीकपर्यंत. ऐकू आला की बटण दाबायचे. मग तज्ज्ञ बाईंनी तोंडासमोर कागद धरून शब्द उच्चारले. अण्णांनी ते परत म्हणायचे.

"सात."

"सात," अण्णा अंदाजाने म्हणाले.

"साठ."

"आठ."

"पुन्हा सांगते. साठ."

"आठच म्हणालात ना?"

तज्ज्ञ बाईंनी कागद खाली केला आणि समोर पाहत सावकाश उच्चारले, "साठ." या वेळी ओठ आणि दात दिसत होते. अण्णांना तो शब्द समजला, आणि ते एकाएकी गप्प झाले.

तपासणीचा आलेख त्यांच्यापुढे ठेवण्यात आला. खालच्या स्वरांत कान ठीक होते. २००० हर्ट्झनंतर रेघ घसरत गेली होती आणि ४००० हर्ट्झला खोल दरी होती. वयामुळे वरचे स्वर आधी जातात, पण ४००० जवळची अशी दरी बहुधा यंत्रांच्या गोंगाटात वर्षानुवर्षे काम करणाऱ्यांच्या आलेखात दिसते. चाळीस वर्षे अण्णा कांडप यंत्राच्या शेजारी उभे राहिले होते. बोलण्यातले स्वर, म्हणजे अ, आ, ओ, खालच्या पट्टीत असतात. स, श, फ यांसारखी घर्षणाची व्यंजने बरीच वरच्या पट्टीत. म्हणून अशा माणसाला बोलणे ऐकू येते, पण नीट उमगत नाही. लोक पुटपुटतात असे त्याला वाटते. 'साठ'मधला स पुसला गेला की 'आठ' उरतो.

परतीच्या लोकलमध्ये अण्णांना अकरा वर्षांपूर्वीचा एक दिवस आठवला. दुकानात बावीस वर्षे काम केलेले दिवाणजी होते. एका मोठ्या खानावळीची फोनवर मागणी आली आणि दिवाणजींनी कांडपाजवळ येऊन सांगितले. अण्णांनी आठ किलो मसाला भरून पाठवला. खानावळीला हवा होता साठ किलो. लग्नाची जेवणे होती. गिऱ्हाईक तुटले. अण्णांनी चार माणसांसमोर दिवाणजींना बोल लावला. ते म्हणाले, "मालक, मी साठच सांगितलं होतं." अण्णा म्हणाले, "म्हणजे मी खोटं बोलतोय?" दिवाणजी गप्प राहिले. त्या वर्षीच्या दिवाळीचा हिशेब पूर्ण करून, किल्ल्या देऊन ते निघून गेले. त्यांच्या वह्यांत कधी एका रुपयाची चूक निघाली नव्हती, हे अण्णांना तेव्हाही माहीत होते.

दोष कानात होता आणि दुरुस्ती दुसऱ्यावर केली होती. स्पीकरच्या बाबतीतही तेच झाले होते. कान वरचे स्वर गाळत होता म्हणून अण्णांनी ते स्वर सगळ्या घरासाठी अडीच पट केले होते. काटा हलका दाखवतो म्हणून मालच जास्त घालावा, तसा तो न्याय. जेथे उणीव, तेथेच ती भरून काढली पाहिजे. नाहीतर आपली तूट दुसऱ्याच्या खात्यावर चढते.

अण्णांनी दोन्ही कानांना श्रवणयंत्रे घेतली. यंत्र कसे चालते हे त्यांनी तज्ज्ञ बाईंना खोदून खोदून विचारले आणि उत्तर ऐकून त्यांना हसू आले. त्या चिमुकल्या यंत्रातही आवाजाची पट्ट्यांमध्ये विभागणी होते आणि जी पट्टी दुबळी, तिचीच पातळी वाढवली जाते. जे मंडल त्यांनी जेवणाच्या टेबलावर महिनाभर डाखले होते, त्याचाच दूरचा भाऊबंद त्यांच्या कानामागे येऊन बसला होता. पहिले काही दिवस कागदाची चुरचुर आणि नळाचे पाणीही त्रास देऊ लागले. सवय व्हायला दोन महिने लागले.

स्पीकरची कळ नातीने रेघ पाहून लावली. ट्विटर जेथे सपाट आला तेथे तिने कळीवर नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला आणि म्हणाली, "आजोबा, शिक्का मारला. आता हात लावायचा नाही." आता संध्याकाळी सगळे घर एकत्र ऐकत बसते.

दिवाळीनंतर अण्णा सांगलीला गेले, ते दुकानात न जाता थेट मिरज रस्त्यावरच्या एका लहान घरी. दिवाणजी दारातच बसले होते. ते उठू लागले, तेव्हा अण्णांनी त्यांना खांद्याला धरून बसवले आणि उभ्यानेच म्हणाले, "दिवाणजी, तुम्ही साठच म्हणाला होता. माझ्या कानांत स पोचत नव्हता. आता तपासून आलोय."

दिवाणजी बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मालक, तेव्हा कांडप चालू होतं. मीच कागदावर लिहून द्यायला पाहिजे होतं." आणि त्यांनी आत हाक मारून चहा सांगितला.

अनेक व्यापारी घरांत चक्की, कांडप, यंत्रमाग किंवा जनरेटर असतो आणि त्याच्याशेजारी उभे राहिलेली एक पिढी असते. त्या पिढीतील माणसे हल्ली दूरदर्शनचा आवाज मोठा ठेवतात आणि सून हळू बोलते अशी तक्रार करतात. कानांची तपासणी अर्ध्या-पाऊण तासात होते, दुखत नाही आणि मोठ्या रुग्णालयांत सहज होते. मुंबईत वांद्र्याला १९८३ मध्ये स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था याच कामासाठी आहे. यंत्रापाशी उभे राहणाऱ्या तरुणांनी कानांत बोळे घालावेत, कारण गेलेले स्वर परत येत नाहीत.

बेलपाड्याच्या घरात स्वयंपाकघरातील दिनदर्शिकेवर पुढच्या वर्षाच्या एका तारखेला अण्णांनी लाल शाईने खूण केली आहे. पूर्वी अशी खूण काट्याच्या शिक्क्यासाठी असे. आता खाली लिहिले आहे: कान.